अग्निशस्त्र-गुन्हे व खटलापूर्व मुक्तता

अटकेपासून खटल्याच्या निकालापर्यंत आरोपीस मुक्त ठेवावे की कोठडीत, हे ठरविताना अग्निशस्त्रविषयक आरोपास दिले जाणारे महत्त्व. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या निर्णयास साहाय्यभूत म्हणून अनेक न्यायालये जोखीममापनाची सांख्यिकीय साधने वापरतात. आरोपी सुनावणीस गैरहजर राहील किंवा नवा गुन्हा करील, याची संभाव्यता ही साधने पूर्वीच्या प्रकरणांच्या आधारे गुणांकाने दर्शवितात.

शस्त्राने केलेला हल्ला आणि शस्त्र केवळ बेकायदा बाळगणे यांत ही साधने भेद करतात. आर्नल्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने विकसित झालेल्या ‘पब्लिक सेफ्टी असेसमेंट’ या साधनात आरोपीचे वय, प्रलंबित खटले, पूर्वीच्या दोषसिद्धी, गैरहजेरी इ. नऊ घटक आहेत. चालू गुन्हा हिंसक आहे काय, हा त्यांपैकी एक होय. अग्निशस्त्र हा स्वतंत्र घटक नाही. केवळ शस्त्र बाळगणे सामान्यतः हिंसक गणले जात नसल्याने पूर्वेतिहास नसलेल्या अशा आरोपीचा गुणांक कमी राहतो. उलट, संघीय न्यायालयांसाठी २००९ मध्ये सिद्ध झालेल्या साधनात अग्निशस्त्र-गुन्ह्यास १ गुण, तर हिंसक गुन्ह्यास शून्य गुण आहे. हा क्रम गुन्ह्याच्या गांभीर्याचा नसून सांख्यिकीय सहसंबंधाचा आहे.

गांभीर्याचा विचार कायदा वेगळ्या मार्गाने करतो. १९८४ च्या संघीय जामीन सुधारणा अधिनियमानुसार हिंसक वा अमली पदार्थविषयक गुन्ह्यात अग्निशस्त्र वापरल्याचा आरोप सकृद्दर्शनी ग्राह्य ठरल्यास कोठडीस अनुकूल असे खंडनीय गृहीतक लागू होते. २००६ च्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या गंभीर अपराधातही कोठडीविषयक सुनावणीची तरतूद झाली. धोकादायक आरोपीस खटल्यापूर्वी कोठडीत ठेवण्याची या अधिनियमातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सालेर्नो खटल्यात वैध ठरविली. न्यू जर्सी राज्यात १ जानेवारी २०१७ पासून रोख जामिनाची जागा बहुतांशी जोखीममापनाने घेतली; मात्र त्याच वर्षी काही अग्निशस्त्र-गुन्ह्यांबाबत, गुणांक कमी असला तरी, शिफारस अधिक कडक करण्यात आली.

या भेदामागे मूलभूत अडचण आहे. गुणांक घटनेची संभाव्यता सांगतो, तिच्या परिणामाची तीव्रता नव्हे. बंदुकीने होणारी हत्या क्वचित घडणारी, पण अपरिवर्तनीय हानी होय. दुसरीकडे, कायद्याने निर्दोष मानलेल्या आरोपीचा रोजगार व कुटुंबाचा आधार काही दिवसांच्या कोठडीनेही नष्ट होऊ शकतो. शिवाय गुणांक समान लक्षणांच्या समूहाविषयी असतो, विशिष्ट व्यक्तीविषयी नव्हे. म्हणून तो न्यायाधीशावर बंधनकारक नसतो. पुरावा, शस्त्र बाळगण्याची परिस्थिती आणि देखरेखीच्या अटी विचारात घेऊन अंतिम निर्णय न्यायालयासच करावा लागतो.