थरथरीत हरवणारा आणि सापडणारा स्पर्श

पुसट स्पर्श ओळखायचा तर आसपास जराही थरथर नको, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण १९९६ मध्ये अमेरिकेतले संशोधक जेम्स कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोटाच्या टोकाला एरवी कळणारही नाही इतका हलका दाब द्यायचा आणि त्यात अगदी सूक्ष्म, अनियमित कंपन मिसळायचं. कंपन नसताना हुकणारा दाब लोक आता जास्त वेळा अचूक ओळखू लागले.

कारण साधं आहे. त्वचेतला मज्जातंतू ठरावीक उंबरठा ओलांडल्याशिवाय संदेश पाठवत नाही. पुसट स्पर्श उंबरठ्याच्या किंचित अलीकडे थांबतो. कंपन कधी त्यात भर घालतं, कधी वजाबाकी करतं. भर पडते तेव्हा उंबरठा ओलांडला जातो, आणि तेही पुसट दाब त्यातल्या त्यात वाढलेला असतो तेव्हाच अधिक वेळा. याला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात. गंमत म्हणजे १९८१ मध्ये ही कल्पना मांडली गेली ती हिमयुगं ठरावीक अंतराने का येतात, हे समजून घेण्यासाठी!

‘कंपनाने माणूस सावध होतो, एवढंच’ ही शंका रास्त वाटते. पण १९९३ मध्ये हाच परिणाम क्रेफिश या झिंग्यासारख्या जलचराच्या वेगळ्या काढलेल्या शेपटीतल्या संवेदी पेशींत दिसला होता. तिथे लक्ष देणारं कोणी नव्हतंच.

मग जितकं कंपन जास्त, तितका स्पर्श स्पष्ट? मुळीच नाही. एका मर्यादेपर्यंत फायदा वाढतो, पुढे स्पर्श कंपनात बुडून जातो. शिवाय जो स्पर्श आधीच स्पष्ट कळतो, त्याला या मिसळणीने सहसा काही मिळत नाही.

कानावर पडणाऱ्या आवाजाचं काय? २००८ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांना असं दिसलं की, विशिष्ट पातळीचा खरखराट ऐकवला तर स्पर्शाची जाणीवही तीक्ष्ण होते. त्यावरून रस्त्यावरचे भोंगे उपकारक ठरवू नका.

या शोधाचा सर्वांत आश्वासक उपयोग तळपायासाठी आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत आलेल्या अभ्यासात सरासरी ७३ वर्षं वयाचे १२ जण कंप पावणाऱ्या इनसोलवर (बुटात घालायच्या गादीवर) उभे राहिले. कंपन इतकं मंद होतं की त्यांना ते जाणवतही नव्हतं, तरी त्यांचा झोक कमी गेला. अभ्यास छोटा होता, हे विसरू नये. आणि बाजारातलं मसाज यंत्र म्हणजे हे नव्हे. त्याचा कंप चांगलाच जाणवतो.

मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या येत असतील, तर असं कुठलंही यंत्र विकत घेण्याआधी डॉक्टरांकडून दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळपायाची स्पर्शसंवेदना तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.