वेदनाशामक पेप्टाइडे आणि त्यांचा विच्छेद करणारे विकर

अफूच्या बोंडाला चीर पाडली असता जो चीक पाझरतो, तो तीव्र वेदनाही शमवितो, हे मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. हा गुण मुख्यत्वे त्यातील मॉर्फिन ह्या द्रव्याचा होय. परंतु एका वनस्पतीच्या रसाला मनुष्याच्या मेंदूत इतके मानाचे स्थान मिळावे, ते का? १९७३ मध्ये मॉर्फिन मेंदूतील ज्या स्थानांवर जाऊन बसते ती ग्राहक-स्थाने प्रयोगाने सिद्ध झाली, तेव्हा हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला. कुलूप शरीरात आहे, तर त्याची मूळ किल्लीही शरीरातच असली पाहिजे. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूतून ती शोधून काढली. किंबहुना त्यांना दोन किल्ल्या सापडल्या. दोन्ही म्हणजे अवघ्या पाच अमिनो अम्लांच्या साखळ्या, अर्थात पेप्टाइडे. टायरोसीन, ग्लायसीन, पुन्हा ग्लायसीन आणि फेनिलॲलनीन हे पहिले चार दुवे दोहींत समान. पाचवा दुवा मात्र एकीत मेथिओनीनचा व दुसरीत ल्यूसीनचा. ‘डोक्यातील’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यांना एन्केफॅलिन हे नाव देण्यात आले.

व्यसन न लावणारे वेदनाशामक आता हाती येणार, अशी आशा त्या वेळी सर्वत्र उत्पन्न झाली. परंतु एन्केफॅलिन बाहेरून दिले तर त्याचा परिणाम टिकत नाही. ते पाहता पाहता नाहीसे होते. शरीरातील कोणते तरी विकर त्याचे तुकडे करीत होते. विकर म्हणजेच एंझाइम. रासायनिक क्रिया घडवून आणणारे, पण स्वतः खर्ची न पडणारे प्रथिन. एन्केफॅलिनचा तिसरा व चौथा दुवा यांमधील बंध तोडणारे असे एक विकर मेंदूत आहे, हे १९७८ मध्ये पॅरिस येथील संशोधकांनी दाखवून दिले.

गंमत अशी, की हे विकर अगोदरच दुसऱ्या नावाने माहीत होते. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये सशाच्या मूत्रपिंडातून एक प्रथिनभेदक विकर वेगळे करण्यात आले होते, ते हेच. पुढे १९८८-८९ च्या सुमारास असे आढळून आले, की बालकांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात रोगनिदानासाठी पेशींवरील जी खूण वैद्य शोधीत असत, तीही ह्याच विकराची. एकाच गृहस्थाची तीन गावांत तीन नावांनी नोंद व्हावी, तसा हा प्रकार होता. आज त्यास नेप्रिलायसिन असे म्हणतात. मूत्रपिंड, आतडे, मेंदू अशा परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी एकच विकर काय करीत असावे, ह्याचा उलगडा त्याच्या नावांवरून होणे शक्य नव्हते. त्यासाठी त्याचा आकारच पाहावा लागला.

नेप्रिलायसिन हे ७४९ अमिनो अम्लांचे प्रथिन आहे. त्याचे एक लहानसे टोक पेशीच्या आत असते, एक छोटा खंड पेशीच्या आवरणातून आरपार जातो आणि उरलेला सुमारे ७०० अमिनो अम्लांचा भाग पेशीबाहेरील द्रवात राहतो. आवरणात रुतलेल्या प्रथिनाचे स्फटिक बनविणे महाकठीण. म्हणून स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी केवळ बाहेरचा भागच यीस्टच्या पेशींकडून तयार करवून घेतला, त्याचे स्फटिक बनविले आणि त्यांवर क्ष-किरण सोडून किरणांच्या विखुरण्यावरून अणूंची स्थाने निश्चित केली. ही रचना २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २.१ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील दिसत होता. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. (अशा प्रत्येक आराखड्यातील साखळीची वळणे निसर्गात संभवतात की नाही, हे पडताळण्यासाठी जगभर जो आलेख वापरतात, तो मद्रास येथील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला आहे.)

ओंजळीवर ओंजळ उपडी ठेवावी, तशी ह्या विकराची घडण दिसून आली. साखळीच्या नागमोडी वेटोळ्यांनी बनलेले दोन मोठे खंड परस्परांस जोडलेले असून त्यांच्या मधोमध पाण्याने भरलेली एक प्रशस्त पोकळी आहे. तोडण्याचे काम बाहेरील पृष्ठभागावर होत नाही. ते ह्या कोठडीच्या आत, तिच्या एका भिंतीशी होते. तेथे जस्ताचा एक अणू बसविलेला आहे. हिस्टिडीन ह्या अमिनो अम्लाचे दोन अवशेष व ग्लुटामिक अम्लाचा एक, अशा तिघांनी त्याला जखडून ठेवले आहे. शेजारीच ग्लुटामिक अम्लाचा आणखी एक अवशेष आहे. जस्त आणि हा शेजारी मिळून पाण्याच्या एका रेणूला असा क्रियाशील करतात, की तो पेप्टाइडातील बंधावर चाल करून जातो व बंध तुटतो. म्हणजे कात्रीचे खरे पाते पाण्याचे! जस्ताला लागूनच पाण्याशी फटकून वागणारा एक खोलगट खळगा आहे. फेनिलॲलनीनचे टपोरे कडे त्यात नेमके सामावते, आणि त्यामुळेच एन्केफॅलिनवरील घाव फेनिलॲलनीनच्या अलीकडच्या बंधावर पडतो.

ह्या कोठडीमुळे विकराच्या वर्तनाचा मोठा भाग उलगडतो. अखंड, घडी घातलेली मोठी प्रथिने तिच्यात शिरूच शकत नाहीत. सामान्यतः तीस-चाळीस अमिनो अम्लांपेक्षा आखूड साखळ्यांनाच तेथे प्रवेश आहे. पेशीचे आवरण व आसपासची प्रथिने अशा रीतीने सुरक्षित राहतात. परंतु जी साखळी आत मावते व जिचे कडे खळग्यात बसते, तिचे शरीरातील कार्य कोणते, ह्याची चौकशी विकर करीत नाही. वेदना शमविणारे एन्केफॅलिन ते तोडते, आणि वेदनेचा संदेश वाहून नेणारे ‘सबस्टन्स पी’ हे पेप्टाइडही तोडते. हृदयातून स्रवणारे, मूत्रपिंडाकरवी क्षार व पाणी बाहेर टाकविणारे अठ्ठावीस अमिनो अम्लांचे पेप्टाइडही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही.

त्याचे परिणाम औषधशास्त्राला भोगावे लागले, तसे त्याचे लाभही झाले. जस्ताला पकडून बसणारा थायॉर्फान हा विकर-रोधक १९८० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाला, पण त्याचे वेदनाशमन बेताचेच निघाले. कारण एन्केफॅलिनचा पहिला दुवा तोडणारे दुसरे एक विकर शरीरात मोकळेच होते. दोहोंना एकाच वेळी अडविणाऱ्या द्रव्यांचा शोध तेव्हापासून सुरू झाला. थायॉर्फानच्याच एका रूपाला मात्र निराळी वाट सापडली. आतड्यातील एन्केफॅलिन टिकून राहिले की आतड्यात पाझरणारे पाणी घटते, आणि म्हणून रेसेकॅडोट्रिल ह्या नावाने ते अतिसारावर दिले जाऊ लागले.

सर्वांत मोठा उपयोग हृदयाच्या बाबतीत झाला. सॅक्युबिट्रिल हा रोधक व वॅल्सार्टान यांचे मिश्रण ८,४४२ रुग्णांच्या चाचणीत जुन्या औषधाशी ताडून पाहिले गेले. हृदयविकाराने मृत्यू अथवा हृदय दुर्बल झाल्याने रुग्णालयात दाखल होणे, यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने घटल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. हा रोधक कोठडीत नेमका कसा बसतो, तेही २०१६ मध्ये स्फटिकांच्या साहाय्याने दिसून आले. एक शंका मात्र उरली होती. स्मृतिभ्रंशाच्या रोगात मेंदूत साचणारे ॲमिलॉइड पेप्टाइडही नेप्रिलायसिन तोडते, हे जपानमधील संशोधकांनी २००० च्या सुमारास दाखविले होते. मग विकर वर्षानुवर्षे अडवून धरले, तर मेंदूचे काय? दुर्बल हृदयाच्या रुग्णांवरील तीन वर्षांच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. केवळ वॅल्सार्टान घेणाऱ्यांच्या तुलनेत मिश्रण घेणाऱ्यांच्या बौद्धिक क्षमतेत अधिक घट आढळली नाही.