हात मळू द्यावेत, धुवावेतही

बँकेच्या सेवेत रुजू झाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मला रोख विभागात बसविण्यात आले. निवृत्तीला आलेल्या एका रोखपालांनी मला त्या वेळी दोन गोष्टी शिकविल्या. नोट मोजताना बोट जिभेला लावायचे नाही, ओल्या स्पंजला लावायचे. आणि डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे. ‘‘नोटांची किळस धरून आपले चालायचे नाही. दिवसभर खुशाल हाताळा. फक्त तो हात तसाच तोंडाकडे नेऊ नका,’’ एवढेच त्यांचे आरोग्यशास्त्र होते. पुढे आई झाल्यावर हा साधा धडा मी कशी विसरले आणि तो मला पुन्हा कसा शिकावा लागला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

‘आई, हात घाण झाले!’

आमच्या मुलाचा जन्म २०२० सालचा, करोना महासाथीच्या ऐन काळातला. दारातून आत येणारी प्रत्येक वस्तू पुसून घ्यायची, मूल कोणाच्याही हाती द्यायचे नाही, अशा वातावरणात त्याचे पहिले वर्ष गेले. महासाथ ओसरली, पण माझ्या पर्समधील सॅनिटायझरची बाटली काही गेली नाही. नोकरीनिमित्त आम्ही वडोदऱ्याला चौथ्या मजल्यावर राहतो. खाली बांधकामाच्या वाळूवर मुले खेळताना दिसली की मी त्याचा हात घट्ट धरून पुढे जात असे. ‘शी, घाण!’ हे त्याने उच्चारलेल्या पहिल्या काही शब्दांपैकी होते आणि त्याचे मला कौतुकही वाटत असे.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सातारा जिल्ह्यातील सासरी गेलो. सासूबाईंच्या शेळीला नुकतेच करडू झाले होते. त्यांनी ते मोठ्या हौसेने नातवाच्या मांडीवर ठेवले. करडाने त्याची बोटे चाटली आणि त्याने भोकाड पसरले, ‘‘आई, हात घाण झाले! बाटली दे!’’ सासूबाईंनी मुकाट्याने करडू उचलले आणि त्या गोठ्याकडे गेल्या. रात्री मात्र म्हणाल्या, ‘‘सूनबाई, जित्राबाला भिणारं पोर या घरात पहिलंच बघितलं.’’

मला प्रथम राग आला. रात्री उशिरापर्यंत झोप मात्र लागली नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे वैद्यकशास्त्रात मला गती नाही. परंतु सुट्टीहून परतल्यावर या विषयावरचे वाचन केले आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांना शंका विचारल्या. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रतिकारशक्तीची शाळा

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. मार्च १९५८ मध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती त्याने अभ्यासली होती. परागकणांमुळे सतत शिंका येणे, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे हा त्रास एकुलत्या मुलांत अधिक आणि ज्यांना मोठी भावंडे आहेत त्यांच्यात कमी, असे त्याला आढळले. मोठी भावंडे बाहेरून जंतू घरी आणतात, धाकट्यांचा त्यांच्याशी लवकर परिचय होतो आणि त्यामुळेच पुढे ॲलर्जी कमी होत असावी, असा तर्क त्याने मांडला.

पुढील संशोधनाने या तर्कात महत्त्वाची दुरुस्ती केली. गोवर, न्यूमोनिया, अतिसार अशा आजारांनी ॲलर्जी टळत नाही. त्यांनी केवळ मूल आजारी पडते. उपयोग होतो तो मानवाच्या सोबतीने हजारो वर्षे राहिलेल्या, बहुतांशी निरुपद्रवी अशा सूक्ष्मजीवांचा. २००३ साली लंडनचे ग्रॅहम रूक यांनी त्यांना ‘जुने मित्र’ असे समर्पक नाव दिले. माती, झाडे, पाळीव जनावरे आणि घरातील माणसे यांच्याकडून ते बाळापर्यंत पोहोचतात. त्यांच्या सहवासात आपली प्रतिकारशक्ती शत्रू कोण आणि तिऱ्हाईत कोण हे ओळखण्यास शिकते. हे शिक्षण अपुरे राहिले, तर ती परागकण, धूळ अशा निरुपद्रवी गोष्टींवरही तुटून पडते. त्यालाच आपण ॲलर्जी म्हणतो.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज वंशाने एकमेकांच्या जवळचे असून त्यांची राहणीही बरीचशी सारखी आहे. फरक आहे तो शेतीत. आमिश लोक घोड्यांच्या साहाय्याने पारंपरिक शेती करतात आणि त्यांचे गोठे घरालगत असतात. हटराइट लोकांची शेती मोठी, यांत्रिक आणि वस्तीपासून दूर असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शाळकरी मुलांमधील दम्याचे प्रमाण आमिश समाजात सुमारे ५ टक्के, तर हटराइट समाजात सुमारे २१ टक्के होते. आमिशांच्या घरातील धुळीत जंतूंचा अंश कितीतरी पटींनी अधिक सापडला.

फिनलंडमध्ये २०२० साली याहून सोपा प्रयोग झाला. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातील मातीचा थर व हिरवळ आणून पसरण्यात आली आणि ३ ते ५ वर्षांची मुले त्यात रोज खेळू लागली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांत अधिक विविधता आली आणि रक्ताच्या तपासणीत प्रतिकारशक्ती संतुलित होत असल्याच्या खुणा दिसल्या.

आपल्या मातीचा हिशेब वेगळा

हे वाचून मुलाला लगेच उकिरड्यावर सोडावे, असे मात्र कोणी समजू नये. फिनलंडच्या जंगलातील माती आणि आपल्या गल्लीतील माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत ‘माती’ आणि ‘घाण’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. सारी गफलत आपण ते एक मानल्यामुळे होते.

ज्या मातीत माणसाची विष्ठा मिसळलेली आहे, तिच्यात जंतांची अंडी व अळ्या असू शकतात. आकडीच्या जंताची अळी तर अनवाणी पावलाच्या त्वचेतून शरीरात शिरते. हा जंत आतड्यात रक्त शोषतो आणि मूल पांढुरके, निरुत्साही दिसू लागते. भटक्या कुत्र्यामांजरांच्या विष्ठेतूनही काही जंत पसरतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदीर वा जनावरांचे मूत्र मिसळले असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गच्चीत साठलेली कबुतरांची विष्ठा व पिसे यांची धूळ तर फुफ्फुसांना अपायकारकच. तिला ‘निसर्गाचा सहवास’ म्हणता येणार नाही. कच्च्या दुधाचेही तसेच. ते न उकळता देणे म्हणजे क्षय वा ब्रुसेलोसिससारख्या रोगांना निमंत्रण होय.

तेव्हा शेताची, कुंडीची, बागेची, नदीकाठच्या स्वच्छ वाळूची माती खुशाल खेळू द्यावी. उघड्या गटाराजवळची, उकिरड्याची, शौचास बसण्याच्या जागेची माती कटाक्षाने टाळावी. हा फरक चार वर्षांच्या मुलालाही समजतो, पण तो मोठ्यांनी दाखवून द्यावा लागतो.

एक ओरखडा

आता पुन्हा त्या मे महिन्याकडे वळते. करडाच्या प्रसंगानंतर सासूबाईंनी नातवाला बळजबरी केली नाही. रोज पहाटे त्या त्याला गोठ्यात नेऊन नुसते बसवीत. चौथ्या दिवशी त्याने आपणहून करडाला पाला खाऊ घातला. पाचव्या दिवशी धीर इतका चेपला की देवळामागे दिसलेले भटक्या कुत्रीचे पिल्लू तो उचलू गेला. पिल्लाने त्याच्या मनगटावर नखे ओढली. रक्त आले नाही, कातडे मात्र सोलवटले.

शेजारच्या एका काकूंनी चुना लावण्यास सांगितले. ‘‘एवढंसं पिल्लू, त्याला कसलं आलंय विष?’’ असेही कोणी म्हणाले. वस्तुतः पिल्लापासूनही रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून रुग्ण सहसा वाचत नाही. मी मुलाचे मनगट नळाखाली धरले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुतले. तो रडत होता आणि माझेही हात कापत होते. त्यानंतर आम्ही थेट ग्रामीण रुग्णालय गाठले. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस आवश्यक असते. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. त्वचेत टोचण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. पहिले दोन दिवस गावी झाले, उरलेले दोन वडोदऱ्यास पूर्ण केले. एकही चुकविला नाही.

परतीच्या वाटेवर मी मनोमन ठरवून टाकले होते की, यापुढे जनावराला हात लावू द्यायचा नाही. रुग्णालयातील डॉक्टरांनी निघताना सांगितलेले एक वाक्य मात्र मनातून जाईना. ‘‘त्याला जनावरांपासून तोडू नका, ताई. अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांच्या कुत्रीजवळ जायचे नाही, आणि ओरखडा लपवायचा नाही, एवढे शिकवा.’’ शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ज्या मुलाला मळल्याबद्दल रोज ओरडा बसतो, ते मूल ओरखडा लपविते. माझ्या मुलाने तो लपविला नाही, हे आमचे भाग्य.

हात केव्हा धुवावेत?

स्वच्छता चोवीस तास नव्हे, तर नेमक्या वेळी हवी, हे या साऱ्याचे सार आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कराचीतील एका अभ्यासात गरीब वस्त्यांमधील कुटुंबांना साबण देऊन हात धुण्याची सवय लावण्यात आली. मुलांमधील अतिसार आणि पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनिया सुमारे निम्म्याने घटला. विशेष म्हणजे, साधा साबण आणि ‘जंतुनाशक’ साबण यांच्या परिणामात फरक आढळला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये असलेल्या घरगुती हात-साबणांच्या विक्रीस मनाई केली. साध्या साबणापेक्षा ती सरस आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते. तेव्हा महागड्या साबणावर खर्च करण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी मात्र कसोशीने पाळाव्यात :

१. जेवणापूर्वी, शौचानंतर, जनावर हाताळल्यावर आणि मातीत खेळून आल्यावर साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. हात मातीने माखले असतील तर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

२. नखे कापलेली असावीत. जंतांची अंडी नखांत अडकतात.

३. बाहेर खेळताना पायांत चप्पल असावी.

४. शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक गोळी देण्यात येते. हा राष्ट्रीय उपक्रम २०१५ पासून चालू आहे. १० फेब्रुवारी आणि अनेक राज्यांत १० ऑगस्ट हे त्याचे दिवस चुकवू नयेत.

५. धनुर्वाताचे संरक्षण देणाऱ्या लसी वेळेवर घ्याव्यात : ५ ते ६ वर्षांच्या वयात डीपीटीची वर्धक मात्रा, आणि १० व १६ व्या वर्षी टीडी.

६. पाळलेल्या कुत्र्यामांजरांना रेबीजची लस व जंतनाशक औषध नियमितपणे द्यावे.

७. मुलाला आधीपासून दमा वा ॲलर्जी असेल, तर प्राणी पाळण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मातीत खेळणे हे औषध नव्हे. त्याने दमा बरा होत नाही.

शेवटी

जोखीम शून्य करायची असेल, तर कर्ज देणेच थांबवावे लागेल, हे आपण बँकेतील मंडळी जाणतो. कर्ज न देणारी बँक मात्र बँक उरत नाही. म्हणून आपण कागदपत्रे पाहतो, तारण घेतो, हप्त्यांवर लक्ष ठेवतो आणि कर्ज देतो. मुलांच्या बाबतीतही तीच रीत बरी. लस, साबण आणि चप्पल हे तारण पक्के असावे, आणि मग मुलाला अंगणात सोडावे.

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या आवारात मुलांनी मातीचा किल्ला केला. गुजराती शेजाऱ्यांच्या मुलांना किल्ला म्हणजे काय, हे आमच्या चिरंजीवांनी समजावून सांगितले. कोपरापर्यंत चिखलाने माखलेला तो फराळासाठी वर आला, तेव्हा माझा हात सवयीने पर्सकडे गेला. परंतु तो सरळ मोरीत गेला आणि साबण शोधू लागला. रात्री त्याने आजीला फोन लावून विचारले, ‘‘करडू आता केवढं झालं?’’