शाळेची घंटा सर्वांत शेवटी का?

साथीच्या काळात विलगीकरणाचे नियम हवेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. मार्च २०२० मध्ये करोनाचे स्वरूप पुरते उमगले नव्हते. आजी-आजोबांसह चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या मुलाला शाळेत न पाठविणे तेव्हा शहाणपणाचेच होते. आमचा आक्षेप आहे तो पुढील क्रमाला. मुंबईतील उपाहारगृहे व मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने उघडली. आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तर पहिली ते सातवीचे १५ डिसेंबर २०२१ रोजी. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली, हे खरे. परंतु मुलांना या रोगाची तीव्र बाधा क्वचितच होते, हे पहिल्याच वर्षी ध्यानी आले होते. मोबाइलच्या पडद्यावर धडा दिसतो. सवंगडी, मैदान आणि शाळेतली गरम खिचडी त्यावर मिळत नाही. व्यावसायिकांना मंत्रालयात शिष्टमंडळ नेता येते. सात वर्षांच्या मुलाला ते कसे जमावे? त्याची बाजू वडीलधाऱ्यांनीच मांडावयास हवी. पुढील साथीत शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी, हा नियम शासनाने आजच, निवांत काळात, लिहून ठेवावा.