नाव एक, हेमचंद्र दोन

गिरगावात खोताच्या वाडीतून सी. पी. टँकच्या दिशेने चालत निघाले की थोड्याच वेळात हिराबाग लागते. नाथूराम प्रेमी यांचे ‘हिंदी ग्रंथरत्नाकर कार्यालय’ येथलेच. प्रकाशनाचा व्याप सांभाळून त्यांनी जुन्या प्रशस्ती ताडून पाहिल्या आणि कोणता ग्रंथ कोणत्या आचार्यांचा, याचा शोध घेतला. ‘जैन साहित्य और इतिहास’ (१९४२) हे त्याचे फळ.

हे काम किती अवघड! बाराव्या शतकातील गुजरातेत, सिद्धराज जयसिंहाच्या काळी, हेमचंद्र नावाचे दोन आचार्य होते. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्रांनी व्याकरण, कोश, योग यांवर लिहिलेच. शिवाय ‘छंदोनुशासना’त मात्रावृत्तांचे प्रकार १, २, ३, ५, ८ असे वाढतात, हेही सांगितले. जग ही मालिका फिबोनाचीच्या नावाने ओळखते; त्याचा ग्रंथ १२०२ चा, हेमचंद्र तर ११७२ च्या सुमारास कालधर्म पावले. मलधारी हेमचंद्रांनी ‘अनुयोगद्वारा’वर टीका लिहिली. त्या सूत्रात सप्तस्वर आहेत आणि अवाढव्य संख्याही. केवळ विषयावरून कर्ता ठरवू पाहणारा येथे हमखास फसतो.

पेढीवर एकाच नावाची दोन खाती निघाली, तर वडिलांचे नाव पाहतात. साधूंच्या बाबतीत गुरूंचे पाहावे: पहिल्यांचे देवचंद्र, दुसऱ्यांचे अभयदेव. पण अभयदेवही दोन! नऊ अंगांवर वृत्ती लिहिणारे निराळे. मग गच्छ, संवत आणि गुरुपरंपरा यांचाच आधार उरतो, आणि ती बहुधा पोथीच्या अखेरच्या पानावर असते. ते पान गहाळ झाले की एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा होते. घरातील पोथी भांडारात देताना ते सुटे पान बरोबर गेले ना, एवढे पाहावे.