पोवळ्याला रंग येतो कुठून?

आजीच्या गळ्यातले किंवा बोटातल्या अंगठीतले लाल पोवळे आपण लहानपणी नक्की हाताळले असेल. ते खडा आहे असे बहुतेकांना वाटते. पण पोवळे हा समुद्रातल्या एका जीवाचा सांगाडा. शास्त्रीय भाषेत त्याला प्रवाळ म्हणतात. अलीकडे ही पोवळी निराळ्याच रूपात आपल्या घरात शिरली आहेत. नातू मोबाइलवर चित्र दाखवतो. काचेच्या पेटीत निळसर उजेड, त्यात हिरवी, जांभळी, शेंदरी पोवळी दिव्यासारखी चमकत असतात. मग तो विचारतो, "आजोबा, हे आपल्याकडे आणू या का?"

आपण शेंद्र्याचे. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला कपाशी, मका आणि मोसंबी. मुंबईचा समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून दूर. इथे पोवळे जगेल का? जगले तर चित्रातल्यासारखे रंगेल का? आणि मुळात ते आणावे का? या प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याला इतरांपेक्षा लवकर समजतील, कारण हा सगळा मामला ऊन, पाणी, खत आणि बटईचा आहे.

दोन प्रकारची पोवळी

अंगठीतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. इटलीत नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावी त्याच्या कोरीवकामाचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. या पोवळ्याचा सांगाडाच लाल असतो. जीव मेला तरी रंग राहतो, म्हणून त्याचा दागिना होतो. ते अंधुक उजेडात, कपारीत वाढते.

काचपेटीत दिसणारी बहुतेक पोवळी निराळी. समुद्रात खडकासारखे बेट बांधणाऱ्या जातींची ती भावंडे. यांचा सांगाडा चुन्याचा आणि पांढराफटक असतो. रंग असतो तो वरच्या पातळ, जिवंत कातडीत. जीव गेला की रंग गेला. तेव्हा या पोवळ्याचा रंग म्हणजे त्याच्या प्रकृतीची नाडीच समजा.

कातडीतला बटईदार

या कातडीच्या आत एक सूक्ष्म शेवाळ राहते. एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्याचे दहा लाखांहून अधिक दाणे असतात. पोवळे त्याला राहायला जागा देते आणि आपल्या अंगातून निघालेले नत्र व स्फुरद खत म्हणून पुरवते. शेवाळ उन्हावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा मालकाला देते. काही पोवळ्यांची नव्वद टक्क्यांपर्यंत भूक या वाट्यावर भागते. आपल्याकडे शेत बटईने देतात, तसाच हा व्यवहार. दोघांचेही पोट त्यावर चालते.

या शेवाळाचा रंग तपकिरी. म्हणून पोवळ्याचा मूळ रंग तपकिरी किंवा शेवाळी दिसतो. हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा हे रंग पोवळे स्वतः तयार करते. ती एक प्रकारची प्रथिने आहेत. काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. काही नुसतीच रंगीत असतात आणि कडक उन्हापासून शेवाळाला सावली धरतात.

अशा चमकणाऱ्या प्रथिनांपैकी पहिले ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमध्ये शोधले. त्या कामासाठी त्यांना आणखी दोघांबरोबर २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पोवळ्यांच्या वर्गातल्या जीवांतील तशीच प्रथिने १९९९ साली मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी उजेडात आणली, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेले जीव काचपेटीत पाळलेले होते. आज या प्रथिनांच्या मदतीने जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशींमधल्या हालचाली पाहतात. हौशी लोकांच्या पेटीतून शास्त्राला मिळालेली ही देणगी आहे.

उजेडाचे गणित

आंब्याच्या सावलीतल्या अद्रकीचे पान उघड्यावरच्या पानापेक्षा गडद हिरवे असते, हे आपण पाहिले आहे. ऊन कमी म्हणून पान हरितद्रव्य वाढवते. पोवळ्यातही तसेच होते. दिवा मंद असला की आतले शेवाळ आपला रंग दाट करते आणि पोवळे मातकट तपकिरी दिसू लागते. उजेड फारच कमी पडला तर उपासमार होऊन ते फिके पडत जाते.

उजेड पुरेसा वाढवला की शेवाळ आटोक्यात येते, आणि पोवळे सावली धरण्यासाठी स्वतःचे रंग काढते. गुलाबी आणि जांभळा रंग खुलतो तो इथे. पण हा उजेड एकदम वाढवून चालत नाही. सावलीतल्या वाफ्यातले रोप थेट दुपारच्या उन्हात लावले तर पान करपते. नवे पोवळेही सुरुवातीला मंद दिव्याखाली ठेवून, काही आठवड्यांत थोडा थोडा उजेड वाढवावा लागतो. दिवस साधारण आठ ते दहा तासांचा ठेवतात. रात्रभर दिवा चालू ठेवला तर जास्त वाढेल, हा समज चुकीचा.

उजेड कोणता हेही महत्त्वाचे. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच गिळते आणि निळा खोलवर पोचतो. पोवळ्यातले शेवाळ निळ्या प्रकाशावर चांगले पोसते. म्हणून या पेट्यांवर निळे दिवे असतात. मोबाइलवरच्या चित्रातली निम्मी जादू या निळ्या दिव्याची आहे. तेच पोवळे सकाळच्या साध्या उजेडात पाहिले तर पुष्कळदा साधेच दिसते. दुकानातल्या दिव्याखाली साडीचा रंग वेगळा आणि अंगणात वेगळा, हा अनुभव घरच्या बायकांना सांगायला नको.

पाण्याचे गणित

आता पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पेटीसाठी शुद्ध केलेल्या पाण्यात तयार समुद्री क्षार विरघळवून हे पाणी बनवतात. आपल्या बोअरचे पाणी का चालत नाही? आपला भाग काळ्या पाषाणाचा, पाणी जड. हंड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो तो त्याचाच. विहिरीजवळ उकिरडा असेल किंवा भोवती खताचा वापर जास्त असेल, तर त्यात नायट्रेटही उतरते. आणखी एक वैरी म्हणजे तांबे. मोरचुदाचा अंश पाण्यात गेला तरी पोवळे मरते. म्हणून बोर्डो मिश्रणाची बादली किंवा तांब्याचा हंडा या कामाला कधीच घेऊ नये.

पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ लागतो. सांगाडा बांधायला एका लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि त्याच्या जोडीला मॅग्नेशियम व कार्बोनेट. या तिन्हींचा मेळ दिवसेंदिवस स्थिर राहिला पाहिजे. आज कमी, उद्या जास्त असे झाले की आधी रंग उतरतो, मग कातडी सुटते. पेटीतले पाणी उडून जाते, पण क्षार मागे राहतात. जमीन चोपण होते ती अशीच. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी न घालता शुद्ध गोडे पाणीच घालायचे असते.

सर्वांत मोठी गोष्ट नत्र आणि स्फुरद. ज्या खतावर आपली कपाशी हिरवीगार होते, तेच खत पोवळ्याच्या पाण्यात जास्त झाले की आतला बटईदार बेसुमार वाढतो, रंग तपकिरी होतो आणि काचेवरही शेवाळ चढते. माशांना जास्त खाऊ घातले की हे हटकून घडते. मग काही जण घाबरून नत्र आणि स्फुरद पार शून्यावर आणतात. तेही वाईट, कारण उपाशी पोवळे पांढुरके पडते.

आणि या दोन खतांचे प्रमाण बिघडले तर काय होते? इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले की नत्र भरपूर आणि स्फुरदाची टंचाई असेल तर पोवळे उष्णतेला आणि प्रखर उजेडाला लवकर बळी पडते. नुसता युरिया टाकलेले पीक वरून हिरवेगार दिसते आणि पहिल्या रोगात लोळते, हे ज्याने भोगले आहे त्याला जास्त सांगणे नको.

याच विद्यापीठातून २०२० साली आणखी एक गोष्ट पुढे आली. पाणी तापल्यावर पोवळे आपल्या शेवाळाला बाहेर टाकते. मग पांढऱ्या सांगाड्यावरून उलटलेला उजेड कातडीत वाढतो, आणि काही पोवळी आपले रंग भराभर काढू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, काय बहर आला आहे! प्रत्यक्षात तो आजारातला बचाव असतो. तेव्हा पोवळे भडक दिसते म्हणजे ते खुशाल आहे, असे समजू नये.

शेंद्र्याचा उन्हाळा

पोवळ्याच्या पेटीला पाणी २४ ते २६ अंशांवर लागते. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेच्या दिवसांत आपल्याकडे ऊन कसे असते ते आपण जाणतो. पाणी थंड ठेवणारे यंत्र उन्हाळाभर चालवावे लागेल. दुपारी वीज गेली आणि चार-सहा तास आली नाही, तर पाणी तापेल, हवा कमी पडेल आणि महिन्यांची मेहनत एका दिवसात जाईल. १९६१ साली जाकार्ताचे ली चिन एंग यांनी साध्या हवेच्या नळीवर आणि उन्हावर पोवळी पाळण्याची रीत लिहून जगाला दाखवली. पण त्यांच्या हाताशी समुद्र होता, आणि तिथली हवा वर्षभर जवळजवळ सारखी असते.

आणावे का?

ही अडचण पैशाने सुटेल असे कुणी म्हणेल. पण त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. बेट बांधणारी सर्व टणक पोवळी, काळी पोवळी, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली घेतले गेले. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. समुद्रातून ती तोडणे आणि त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. कोकणात फिरायला गेल्यावर कुणी "शोभेला ठेवा" म्हणून तुकडा पुढे केला तरी घेऊ नका.

सरकारी कामालाही यातून सूट नाही. २०२० साली मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथील पोवळ्यांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या. त्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली ते काम झाले. मुंबईच्या गढूळ पाण्यातही पोवळी तग धरून आहेत, ही गोष्ट अनेक मुंबईकरांना तेव्हाच कळली.

आपल्या महाराष्ट्रासमोर स्वच्छ निळ्या पाण्यातले पोवळ्यांचे मोठे ठिकाण आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर पाण्याखाली एक पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते आंग्रीया बँक म्हणून ओळखले जाते. मालवणच्या किनाऱ्यालगतही पोवळी आहेत.

काचपेटीत उष्णतेने जे घडते ते समुद्रातही घडत आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी काही आठवडे जास्त तापले, तरी पोवळी पांढरी पडतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर हे झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक लाटेची घोषणा झाली. त्या वर्षी आपल्या लक्षद्वीपची पोवळीही पांढरी पडली. ताप लवकर ओसरला तर बटईदार परततो आणि पोवळे वाचते. लांबला तर ते उपाशी मरते, आणि त्याच्या आसऱ्याने राहणारे मासेही उठून जातात. शेवटी हा कोळ्याच्या ताटातला घास आहे.

मग मुलाला काय द्यावे?

नातवाची हौस मोडू नका. तीन काचेच्या बरण्या घ्या. विहिरीत किंवा कालव्यात वाढणारी पाणवनस्पती प्रत्येकीत सारखी घाला. पहिली बरणी खिडकीच्या उजेडात ठेवा. दुसरी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. तिसरी उजेडातच, पण तिच्यात १९:१९:१९ या विद्राव्य खताची चिमूट टाका. दोन-तीन आठवडे रोज पाहून वहीत लिहायला सांगा. दुसरीतली फांदी लांबट आणि फिकी पडेल. तिसरीतले पाणी हिरवट होऊ लागेल. पोवळ्याच्या रंगामागचे ऊन आणि खताचे गणित त्याला घरीच कळेल. या बरण्यांत मासे मात्र सोडू नका.

मासे पाळायचेच असतील तर गोड्या पाण्याची वेगळी पेटी करा. आठ-दहा गप्पी मासे आणि थोडी वनस्पती पुरे. पेटी भरल्यावर एकदम मासे न टाकता काही आठवडे जाऊ द्या. जमिनीतले जिवाणू जसे खताचे रूपांतर करतात, तसे पेटीतले जिवाणू घाणीचे करतात, आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. खाऊ चिमूटभरच घाला. मासे वाढले तर ते नदी-नाल्यात सोडू नका.

आणि पुढच्या खेपेला घरात कुणी पोवळ्याचा दागिना काढला, तर मुलाला तो हातात घेऊ द्या. हा रंग एका जीवाने पाण्याखाली वर्षानुवर्षे बसून कमावला आहे, एवढे त्याला सांगा.