मुलांची जागा पुढें कीं मागें?

मोटार दारीं आली म्हणजे घरांतील सर्वांत धाकटें मूल पुढल्या बैठकीवर हक्क सांगतें, आणि वडील माणसेंही कौतुकानें त्यास मांडीवर घेतात. आमच्या राजूरवरून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या मोटारी काजव्यांच्या दिवसांत व पावसाळ्यांत आम्ही नित्य पाहतों. कित्येकींच्या काचेमागें हेंच दृश्य असतें. या कौतुकाचा विचार करणें आतां अवश्य झालें आहे.

प्रथम अंकगणित पाहूं. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून एक दशांश सेकंदांत थांबली, तर १० किलो वजनाचें मूल धरून ठेवण्यास सुमारें १४० किलो वजन पेलण्याइतकें बळ लागतें. तें कोणत्या मातेच्या बाहूंत आहे? वात्सल्य अपार असलें, तरी स्नायूंस मर्यादा आहे.

पुढें एअरबॅग आहे, असें समाधान कोणी मानील. परंतु हवेची ती पिशवी प्रौढाच्या देहमानानें योजिलेली असते. डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं ती प्रचंड वेगानें फुगते, आणि निकट बसलेल्या बालकाच्या मस्तकास व मानेस तोच आघात ठरूं शकतो. डिसेंबर २०२४ मध्यें नवी मुंबईंत वाशी येथें अपघातांत एअरबॅग उघडल्यावर पुढें बसलेला सहा वर्षांचा मुलगा दगावला.

मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालच्या दुरुस्तीनें आलेल्या १९४-बी कलमान्वयें, चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें अथवा बालकांच्या खास आसनानें सुरक्षित केलेलें नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. मात्र मूल मागेंच बसवावें, असें हें कलम सांगत नाहीं; तें गृहस्थाच्या विवेकानें सांगावयाचें आहे.

यास्तव तेरा वर्षांखालील मुलांनीं मागेंच बसावें. तान्ह्या मुलाचें आसन मागल्या बैठकीस पक्कें बांधावें, व मुलाचें तोंड मोटारीच्या मागील बाजूस असावें. एअरबॅग चालू असतां असें आसन पुढें कदापि ठेवूं नये. मोठ्या मुलास उंची देणारें आसन द्यावें. पट्टा गळ्यावरून वा पोटावरून न जातां खांद्यावरून व मांड्यांच्या मुळाशीं यावा. मागें बसल्यानें पट्ट्याची गरज सरत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ अपघातांत निवर्तलेले उद्योगपति सायरस मिस्त्री मागल्या बैठकीवरच होते, व त्यांनीं पट्टा लाविला नव्हता.

मूल हट्ट करील, रडेलही. त्यास उपाय एकच: आजोबांनीं आधीं स्वतःचा पट्टा लावावा, मग नातवाचा, आणि त्यानंतरच मोटार सुरू करूं द्यावी. घाटांतले धबधबे मागल्या खिडकींतूनही दिसतात.